तिसऱ्या पिंडानंतर

घरातली पणजी गेली की तेरवीपर्यंत सगळे एकत्र असतात आणि चौदाव्या दिवसापासून दोन मतं पडतात. एक मत म्हणतं, तिचं जे करायचं ते रीतीनं झालं. आता वर्षश्राद्ध, मग दर पितृपक्षात एक पान, आणि याहून जास्त काही करणं म्हणजे दिखावा. दुसरं मत म्हणतं, एवढ्यानं भागत नाही; तिचं नाव, तिचं बोलणं, तिनं जन्मभर उपसलेलं काम नीट नोंदून ठेवलं पाहिजे. नागपूर जिल्ह्यातल्या हिंगण्यासारख्या गावात, जिथे एक भाऊ अजून वावरात आणि दुसरा एमआयडीसीच्या शिफ्टमध्ये असतो, ही दोन्ही मतं एकाच छपरीत बसलेली सापडतात. मी दुसऱ्या मताची आहे. पहिलं मत मात्र अडाणीपणाचं नाही, त्यामागे मोठा विचार आहे, म्हणून ते इथे ‘मोठेबाबा’ या पात्राच्या तोंडी घातलं आहे. हे मोठेबाबा कुणा एका घरातले नव्हेत. वडिलांच्या थोरल्या भावाला आमच्याकडे जो मान असतो, तो त्यांच्या युक्तिवादालाही मिळावा, एवढ्यासाठीच हे नातं.

मोठेबाबा म्हणतात, “अगं, हे आपल्या लोकांनी कधीचंच ठरवून ठेवलं आहे. श्राद्धात तीन पिढ्यांची नावं घेतात. बाप, आजा, पणजा; तशीच आई, आजी, पणजी. चौथ्या पिढीचा माणूस पिंडाच्या हक्कातून सुटतो. म्हणजे कुठे थांबायचं हे शास्त्राला माहीत होतं. माणसानं गेलेल्यांचं किती ओझं वाहायचं? पणजी म्हणजे शेवटची पायरी. तिला हात जोडायचे अन् पुढे चालायचं. तू काहून हा नवा खटाटोप करून राहिली?”

हिशेब खरा आहे, आणि खरं सांगायचं तर मला तो आवडतोही. वसू, रुद्र आणि आदित्य अशा तीन रूपांत तीन पिढ्या बसवणाऱ्यांनी आठवणीची लांबी बरोबर मोजली होती. पणजीच्या मांडीवर खेळलेलं पोर म्हातारं होऊन गेलं, की तिला डोळ्यांनी पाहिलेलं कुणी उरत नाही. पण हाच हिशेब थोडा पुढे मांडून पाहू. प्रत्येक माणसाला पणज्या चार असतात. श्राद्धात स्वतःच्या नावानं येते ती एकच, वडिलांच्या वडिलांची आई. आईच्या बाजूला मातामह, त्यांचे वडील आणि त्यांचे आजोबा येतात, ‘सपत्नीक’. त्यामुळे आईच्या वडिलांची आई येते ती कुणाची तरी बायको म्हणून. वडिलांच्या आईची आई आणि आईच्या आईची आई या दोघींना या रचनेत जागाच नाही. चारांतून दोघी गळाल्या, एक नवऱ्याच्या नावामागे उभी राहिली. शिवाय वडील हयात असताना मुलानं श्राद्ध करायचं नसतं, म्हणजे पणतू तिचं नाव उच्चारणार तो स्वतः पोरका झाल्यावर. पणतीनं उच्चारण्याचा तर प्रश्नच येत नाही. तेव्हा ‘तीन पिढ्या’ ही आठवणीची सर्वसाधारण मर्यादा नव्हे, एका विशिष्ट रेषेवरची मर्यादा आहे. त्या रेषेबाहेरच्या बाया पहिल्या पिढीतच सुटतात.

आणखी एक गोष्ट आहे, जिचा विचार जुन्यांना करावा लागला नाही. पणजी अनेक वर्षं ओळखीची असणं हा आजच्या काळाचा योग आहे. १९५० च्या सुमारास आपल्या देशात जन्मवेळचं सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षं होतं. आता ते ७० च्या आसपास आहे. त्या ३२ मध्ये बालमृत्यूंचा भार मोठा होता हे खरं, तरीही पणतवंडाला शाळेत जाताना पाहणारी बाई विरळाच. दुसरीकडे शारदा कायदा १९३० पासून लागू झाला तेव्हा मुलीच्या लग्नाची किमान मर्यादा १४ वर्षं होती, आणि ती पाळली जात होतीच असंही नाही. १९३० ते १९४५ च्या दरम्यान जन्मलेल्या बायांची लग्नं कोवळ्या वयात झाली, त्यांच्या लेकींचीही लवकर झाली, आणि पुढे औषधपाण्यामुळे त्या स्वतः ऐंशी-नव्वदीपर्यंत जगल्या. म्हणून आज घरोघर दहा-पंधरा वर्षांच्या मुलांना चालती-बोलती, खोड्या काढणारी, रागावणारी पणजी मिळाली. लग्नं अठ्ठावीस-तिशीला व्हायला लागल्यावर हा योग पुन्हा दुर्मिळ होणार, कारण त्या हिशेबानं पणजी होण्यासाठी नव्वदी गाठावी लागेल. म्हणजे लवकरच्या लग्नाची आणि लांबलेल्या आयुष्याची जी पिढी एकत्र सापडली, ती आत्ता आपल्या डोळ्यांदेखत जाते आहे. रीत तयार झाली तेव्हा पणजी बहुधा एक नाव होती. आज ती एक ओळखीचं माणूस आहे. ओळखीच्या माणसासाठी रीत अपुरी पडली तर त्यात रीतीचा अपमान नाही.

“पोथीचं राहू दे,” मोठेबाबा म्हणतात. “आपल्याकडे किती घरांत पोथी उघडतात? अक्षय तृतीयेला घागर भरतात, पळसाच्या पत्रावळीवर पुरणपोळी, चिंचोणी, कुरडई वाढतात, कावळ्याला घास ठेवतात. तिथे कोण कुणाची आई, कोण विचारते? सर्वपित्री अमावस्या तर ज्ञात-अज्ञात सगळ्यांची. अन् अविधवा नवमी खास बायांचीच. नाव नसलं तरी पान असते ना.”

घागरीबद्दल माझी तक्रार नाही. भर उन्हाळ्यात गेलेल्यांच्या नावानं पाणी द्यावं, या कल्पनेत विदर्भाची तहान ओळखणारं शहाणपण आहे. पण ‘ज्ञात-अज्ञात’ या जोडीत अज्ञात आधी कोण ठरतं, हे पाहायला हवं. अविधवा नवमी भाद्रपद वद्य नवमीची, आणि ती नवऱ्याआधी गेलेल्या सवाष्णींची. नवरे वयानं बरेच मोठे आणि बाया दीर्घायुषी, म्हणून बहुतेक पणज्या विधवा होऊनच जातात. बायकांसाठी म्हणून राखलेल्या त्या एका तिथीलाही त्या बाहेरच राहतात. मग विधी सोडून कागदाकडे वळावं, तर तिथेही तेच. नागपूर जिल्हा जुन्या मध्य प्रांतातला, म्हणून इथे घराण्याचा माग काढायचा तर लोक जन्म-मृत्यूच्या नोंदींची कोतवाल पंजी आणि जमिनीची बंदोबस्त मिसल शोधायला तहसिलीत जातात. जातीच्या दाखल्यासाठी हे कागद काढणाऱ्यांना माहीत आहे की जन्माच्या नोंदीत पुष्कळदा बापाचं नाव, जात आणि पुढे फक्त ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ असतं. वंशावळ लागते ती बापाकडची. शेताच्या सातबाऱ्यावर तिचं नाव चढलं तर ते बहुधा नवरा गेल्यावर, वारस म्हणून. ती गेल्यावर तिथे मुलांची नावं आली आणि लेकींनी हक्कसोडपत्रावर सही केली. नवरा हयात असताना बायकोचं नाव सातबाऱ्यावर लागावं म्हणून शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली, १९९२ मध्ये सरकारनं तसं परिपत्रकही काढलं. तोवर या पिढीच्या बायांचं निम्म्याहून जास्त आयुष्य त्या जमिनीत निंदण-वेचणी करण्यात सरलं होतं.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीचं आहे. मतदार याद्या तयार करताना असंख्य बायांनी स्वतःचं नाव सांगितलं नाही. अमक्याची बायको, तमक्याची मुलगी, एवढंच लिहवलं. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी मान्य केल्या नाहीत, आणि सुमारे २८ लाख बायकांना यादीबाहेर राहावं लागलं. त्यातली बहुसंख्य नावं बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान अशा उत्तरेकडच्या राज्यांतली होती, तेव्हा हा दोष सरसकट आपल्या माथी मारण्याचं कारण नाही. पण त्यामागची सवय आपल्यालाही परकी नव्हती. लग्नात तांदळात नवं नाव लिहिलं की माहेरचं नाव मागे पडायचं, पुढे मुलाच्या नावानं ‘अमक्याची माय’ म्हणून हाक सुरू व्हायची आणि शेवटी सगळ्या गावाची ती आजी. हाकेत माया असते, हे मी नाकारत नाही. मात्र मायेच्या हाकांच्या थराखाली मूळ नाव गाडलं जातं आणि ज्याला कुणी हाक मारली नाही ते नाव तिच्यासोबतच जातं. माझं म्हणणं एवढंच आहे, की विसर सगळ्यांच्या वाट्याला सारखा येत नाही. पणजोबांची आठवण विधी ठेवतो, सातबारा ठेवतो, मिसल ठेवते. त्यासाठी घरच्यांना काही करावं लागत नाही. पणजीला मुद्दाम आठवावं लागतं. आपण काही केलं नाही तर निसर्ग आपलं काम करेल, असं जे म्हणतात, ते निसर्गाचं नसून कागदांचं काम आहे. महाराष्ट्र सरकारनं १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या नावात आईचं नाव बंधनकारक केलं. पणजीच्या पिढीला त्याचा काही उपयोग नाही, पण अडचण कुठे होती हे सरकारी दफ्तरालाही उमगलं म्हणायचं.

नागपूर जिल्ह्यापुरती आणखी एक गोष्ट मोठेबाबांना ध्यानात घ्यावी लागेल. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर ज्या लाखोंनी धम्मदीक्षा घेतली, त्यांच्या बावीस प्रतिज्ञांमध्ये श्राद्धपक्ष आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा होती. त्या घरांत तीन पिंडांचा आधार एका दिवसात संपला. मग आठवायचं कसं? पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात गेलेल्या माणसाविषयी कुणीतरी उठून बोलावं लागतं, म्हणजे काहीतरी माहीत असावं लागतं. मंत्र माहितीशिवाय चालतो, भाषण चालत नाही. २० जुलै १९४२ ला नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद भरली, तिला हजारो बाया आल्या होत्या. त्यांतल्या कित्येक जणी आजच्या घरांतल्या पणज्या. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९ मध्ये काढलं ते आंबेडकरी चळवळीतल्या बायांना भेटून, त्यांच्या तोंडून ऐकून. त्या भेटी दहा-वीस वर्षं उशिरा झाल्या असत्या तर त्या परिषदेचा आकडा उरला असता, बाया उरल्या नसत्या.

यावर मोठेबाबा जवळचाच दाखला देतात. “टाकळघाट आपल्याच तालुक्यातलं. नागपूर विद्यापीठातले पुरातत्त्वज्ञ देव यांनी १९६८-६९ मध्ये तिथे अन् खाप्याला उत्खनन केलं. तिथल्या शिळावर्तुळांखाली माणसं पुरली, सोबत लोखंडाची हत्यारं, मणी ठेवले. अडीच हजार वर्षांपूर्वी ज्यांनी एवढाले दगड ओढत आणले, त्यांनाही वाटलं असेल की आपला माणूस कायमचा लक्षात राहील. आज एकाचं तरी नाव सांग. दगडाची ही गत, तं तुझ्या वहीची काय कथा?”

हा त्यांचा सर्वांत जड आक्षेप आहे, आणि मी त्याला टिकाऊपणाच्या मुद्द्यावर उत्तर देणार नाही. वही दगडापेक्षा लवकर जाईल. फोनमधलं रेकॉर्डिंग तर वहीच्याही आधी जाईल. फोन बदलला, हरवला, पासवर्ड विसरला, की संपलं. पण शिळावर्तुळं दुसरंही काही सांगतात. दगड हलवायला सगळी वस्ती लागली असणार, तेव्हा स्मरण हा त्या लोकांनी मेहनत करण्यालायक मानलेला विषय होता. आपोआप झालेली गोष्ट नव्हती. आणि इतकी मेहनत करूनही जे गेलं ते नेमकं नाव आणि बोलणं, कारण त्यांच्यापाशी लिपी नव्हती. आपल्यापाशी ती आहे. आठवण अडीच हजार वर्षं टिकावी असा माझा आग्रह नाही. ज्यांनी तिला पाहिलं नाही अशा पुढच्या दोन पिढ्यांपर्यंत ती नाव घेऊन पोचली तरी पुष्कळ झालं. तीन पिंडांची मर्यादा मी पाच पिढ्यांवर नेऊ पाहते आहे, अनंतावर नाही.

आता मोठेबाबा आवाज खाली आणतात. “हे सगळं कवयित्री बहिणाबाईंसारखीला शोभते. साध्या बाईचं काय लिहायचं? उठली, दळलं, वावरात गेली, रांधलं, निजली. अन् जे खरं होतं ते तिच्या हातात होतं. उपड्या मडक्यावर लांब पोळी टाकायची कला कागदावर कशी येईल? ते पाहून पाहूनच शिकावं लागते. ज्या सुनेनं ते उचललं, तिच्या हातात पणजी आहे. बाकी सगळी रद्दी.”

हातातल्या आठवणीबद्दलचं म्हणणं मी पूर्ण मान्य करते. दोन्ही हातांवर झेलत पोळी लांबवण्याचं कसब वाचून येत नाही, आणि ती कला पुढे चालवणारी सून हे पणजीचं कुठल्याही फोटोहून खरं स्मारक आहे. मात्र हाताला चालू ठेवणारं आयुष्य भोवती असावं लागतं. हिंगण्याच्या रस्त्यानं आधी कारखाने आले, मग प्लॉट पडले, वानाडोंगरी-डिगडोह शहराला चिकटले, २०२० मध्ये लोकमान्य नगरपर्यंत मेट्रो आली. फ्लॅटच्या गॅसवर मडकं उपडं घालणारी सून किती घरांत सापडेल? जी कामं संपली त्यांची हातातली आठवणही एका पिढीत संपते. आणि पणजीचं बरंचसं आयुष्य अशाच संपलेल्या कामांत गेलेलं असतं. राहिली बहिणाबाईंची गोष्ट. त्या असामान्य होत्या यात शंका नाही, पण त्यांना लिहिता येत नव्हतं. त्या म्हणायच्या ते त्यांचा मुलगा सोपानदेव आणि त्याच्या एका मावसभावानं उतरून घेतलं म्हणून १९५१ मध्ये त्या गेल्यावर आचार्य अत्र्यांना दाखवायला काही होतं, आणि १९५२ मध्ये पुस्तक निघालं. उतरून घेणारं कुणी नसतं तर आसोद्याच्या पंचक्रोशीत त्याही ‘उठली, दळलं, वावरात गेली’ अशाच एक झाल्या असत्या. बाई साधी की असाधारण, हा निकाल नोंद झाल्यानंतर लागतो. मोठेबाबा तो आधीच लावून मोकळे होतात.

साध्या बाईचा पुरावा हवा असेल तर जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह पाहावा. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुण्याच्या त्यांच्या संस्थेतून खेडोपाडी फिरून लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, आणि हजाराहून अधिक गावांतल्या तीन हजारांवर बायांची नावं त्यासोबत नोंदवली. यांतली कुणी कवयित्री म्हणून ओळखली जात नव्हती. जातं बंद पडून गिरणी आली तेव्हा त्या ओव्यांना गावात कामच उरलं नव्हतं. नोंद झाली नसती तर त्या पिठाच्या गिरणीनं निमूट संपवल्या असत्या. मला त्या संग्रहात ओव्यांइतकंच मोलाचं वाटतं ते समोरचं नाव आणि गाव. लोकगीत म्हणजे ‘कुणाचंच नसलेलं’ गाणं, ही आपली आवडती समजूत त्या एका रकान्यानं मोडली. आमच्या बाजूचं हे काम त्या मानानं थोडं झालं आहे, आणि वऱ्हाडी-नागपुरी बोलणाऱ्या पणज्या कमी होत चालल्या आहेत, हे मात्र मोठेबाबांनाही बोचायला हवं.

“अन् तिला ते नको असेल तर?” हा मोठेबाबांचा शेवटचा प्रश्न, आणि मला सर्वांत अवघड वाटतो तो हाच. “बाईनं जन्मभर काही गोष्टी पदराआड ठेवल्या. सासूचा छळ, गेलेली पोरं, नवऱ्याची दारू. ती गेल्यावर तुम्ही त्या उकरणार, वर व्हिडिओ टाकणार. मेलेल्या माणसाला झाकायचं असते, उघडं नाही करायचं.”

इथे मी त्यांच्या बाजूला बरीच सरकते. बाई बोलत होती तेव्हा कुणी विचारलं नाही आणि गेल्यावर तिच्या नावानं हुंदके देणारा व्हिडिओ सगळ्या गावाला पाठवला, याला स्मरण म्हणवत नाही. तिनं ज्याला सांगितलं आणि ‘कुणाला सांगू नको’ म्हटलं, ते त्याच्यापाशीच थांबावं. जिवंत माणसांची भांडणं तिच्या तोंडी घालून जिंकू नयेत. जमिनीच्या वाटणीत ‘पणजी असं म्हणत होती’ हा पुरावा किती स्वस्त होतो, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. पण झाकण्याचा अधिकार तिचा होता की घराचा, हेही विचारलं पाहिजे. सासूचा छळ झाकला गेला त्यात तिची लाज किती आणि घराची अब्रू किती? पुष्कळ बायांनी गप्प राहणं निवडलं नव्हतं. त्यांना विचारणारंच कुणी नव्हतं. म्हणून पहिली अट ही, की काम ती हयात असताना सुरू व्हावं, तिच्या सवडीनं, तिच्या शब्दांत, तिनं ‘पुरे’ म्हटलं की थांबत. गेल्यावर जे करायचं ते त्याहून पुष्कळ कमी आणि कोरडं आहे: माहेरचं नाव, माहेरचं गाव, आईबापांची नावं, किती बाळंतपणं झाली आणि किती मुलं जगली, कुठल्या वावरात कुठलं काम केलं, काय रांधायची, कुठली गाणी तिला येत होती, तिनं कुणाला काय शिकवलं. यात उघडं पाडणारं काही नाही, आणि तरी यातलं निम्मंदेखील बहुतेक घरांना सांगता येणार नाही.

मोठेबाबांचं यानं समाधान झालेलं नाही. जगलेल्या-न जगलेल्या मुलांची नोंद त्यांना अशुभ वाटते. पाळण्यातच गेलेल्यांची नावं काढू नयेत, असं त्यांचं म्हणणं कायम आहे. मला ती नोंद सगळ्यांत आधी व्हावीशी वाटते, कारण कोतवाल पंजीत त्या मुलांपुढे बापाचं नाव आहे आणि त्यांच्या आईचं नाव कुठेच नाही. माहेरच्या नावाबाबत मात्र त्यांनी एक व्यवहाराची गोष्ट सुचवली. लग्नाआधीचं नाव सासरच्या कागदांत शोधण्यात वेळ घालवू नये. पणजीच्या भावाच्या घरी जावं, तिथे तिच्या वयाची एखादी वहिनी किंवा मामेबहीण अजून असेल तर तिला विचारावं, आणि हे याच उन्हाळ्यात करावं.